उघडता येईल तेच टिकेल

बॅटरीवर चालणारं तीनशे रुपयांचं घड्याळ लाखो रुपयांच्या चावीच्या स्विस घड्याळापेक्षा अचूक चालतं. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो. स्वित्झर्लंडमधल्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला मात्र दिवसालाच उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. तरीही २०२३ मध्ये स्वित्झर्लंडने २६.७ अब्ज फ्रँकची घड्याळं निर्यात केली. तोवरचा तो उच्चांक होता, आणि त्यातला सिंहाचा वाटा यांत्रिक घड्याळांचा होता. नगांची संख्या मात्र २०११ मधल्या सुमारे ३ कोटींवरून १ कोटी ६९ लाखांच्या आसपास उतरली होती. घड्याळं कमी विकली जाताहेत आणि एकेका घड्याळासाठी लोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजताहेत.

ते नेमके कशाचे पैसे मोजतात, या प्रश्नाला शौकिनांकडून साधारण चार उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, एवढ्याशा जागेत बसवलेल्या यंत्रातल्या हुशारीचे. कुणी म्हणतं, हाताच्या कारागिरीचे. कुणी त्यामागच्या इतिहासाचा दाखला देतं, तर कुणी सरळ सांगतं की वस्तू दुर्मिळ आहे म्हणून. जुन्या घड्याळांचे चाहते आणि नव्यांचे चाहते भांडतात तेही याच चार मुद्द्यांवर. मला साठ वर्षांपूर्वीचं ३४ मिलिमीटरचं नाजूक घड्याळ जितकं आवडतं, तितकंच आजच्या कारखान्यातून आलेलं, पाण्यात-चुंबकात न डगमगणारं घड्याळही आवडतं. पण ही चारही उत्तरं तपासत गेलं की त्यांच्या बुडाशी एक पाचवी गोष्ट सापडते. हे यंत्र उघडता येतं, त्यातला झिजलेला भाग बदलता येतो किंवा नव्याने घडवता येतो, आणि माणसाच्या हाताने ते पुन्हा चालू करता येतं. यांत्रिक घड्याळाचं मोल टिकतं ते या एका गुणामुळे, असं माझं मत आहे.

खिशातून मनगटावर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरुषाचं घड्याळ खिशात असायचं. मनगटावरचं घड्याळ हा बायकांचा दागिना, अशी युरोपात समजूत होती. १९०४ मध्ये लुई कार्तिए यांनी ब्राझीलचे वैमानिक आल्बेर्तो सांतुस-द्युमाँ यांच्यासाठी मनगटी घड्याळ केलं, कारण विमान चालवताना दोन्ही हात गुंतलेले असत आणि खिशात हात घालण्याची सोय नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हीच अडचण लाखो सैनिकांना आली. ठरलेल्या मिनिटाला हल्ला करायचा, हातात बंदूक आणि भोवती अंधार. युद्ध संपेपर्यंत मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर पक्कं बसलं होतं.

पण एवढं लहान यंत्र खात्रीची वेळ दाखवेल यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी तो मिळवायचं मनावर घेतलं. १९१४ मध्ये त्यांच्या एका मनगटी घड्याळाला इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेचं ‘अ’ वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं. ४५ दिवसांची ही चाचणी तोवर जहाजांवरच्या मोठ्या क्रोनोमीटरांसाठी असायची. पुढे १९२६ मध्ये पाणी आणि धूळ रोखणारी ‘ऑयस्टर’ केस आली आणि दुसऱ्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते घड्याळ घेऊन इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात उतरली. कित्येक तासांनी ती बाहेर आली तेव्हा घड्याळ चालू होतं. १९३१ मध्ये रोलेक्सने हाताच्या हालचालीवर स्वतःच चावी भरून घेणारा, पूर्ण गोल फिरणारा ‘पर्पेच्युअल’ रोटर आणला.

त्याच वर्षीचं दुसरं एक घड्याळ थेट हिंदुस्थानातून सुचलं. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा सामन्यात फुटत. घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे यांनी ही तक्रार ऐकली आणि स्वित्झर्लंडला नेली. रने-आल्फ्रेड शोव्हो यांनी त्यावर उपाय काढला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जेजेर-लकूल्त्रचं ‘रिव्हर्सो’ ते हेच. चौकोनी केस बाजूला सरकवून उलटी करायची, म्हणजे काच आत जाते आणि धातूची पाठ वर येते. पोलोचा चेंडू आता कुणी त्या घड्याळावर झेलत नाही, पण केस सरकवून उलटताना बोटांना लागणारा तो नेमका खटका नव्वद वर्षांनंतरही तितकाच सुखावतो.

या सगळ्या घड्याळांच्या मुळाशी कुणाची तरी खरीखुरी गरज होती. १९५३ चं रोलेक्स सबमरीनर पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी होतं. जीएमटी-मास्टर पॅन ॲम कंपनीच्या वैमानिकांना दोन ठिकाणची वेळ एकदम दिसावी म्हणून आलं. १९५७ चं ओमेगा स्पीडमास्टर मोटारींच्या शर्यतींसाठी होतं. नासाने १९६५ मध्ये ते अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवलं आणि १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते घालूनच चंद्रावर चालले. १९७० मध्ये अपोलो १३ अपघातात सापडलं तेव्हा परतीचा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन नेमकं १४ सेकंद पेटवायचं होतं. ते सेकंद अंतराळवीरांनी मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. आज लक्झरीच्या दुकानात मखमलीवर दिसणारी ही घड्याळं मुळात अवजारं होती. अवजार म्हटलं की ते दुरुस्त होणारं असावंच लागतं, आणि ही तशीच बांधलेली होती.

क्वार्ट्झची लाट आणि तग धरलेली माणसं

२५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सायकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका लहान मोटारीइतकी. फरक महिन्याला फक्त ५ सेकंदांचा. क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो ठराविक गतीने कंप पावतो. आजच्या बहुतेक घड्याळांत ही गती सेकंदाला ३२,७६८ कंपनांची असते. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि काटा सेकंदाला एकदा पुढे सरकतो. एवढं सोपं गणित आणि स्वस्त उत्पादन यांच्यापुढे शेकडो वर्षांची स्विस परंपरा कोलमडली. १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या घरात असलेले स्विस घड्याळ-कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ३० हजारांच्या आसपास उरले.

गंमत अशी की ॲस्ट्रॉन आलं त्याच १९६९ सालात स्वयंचलित क्रोनोग्राफही, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळही, जन्मलं. झेनिथने जानेवारीत ‘एल प्रिमेरो’ जाहीर केलं. हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या भागीदारांचं यंत्र मार्चमध्ये आलं, सायकोचंही त्याच वर्षी. एल प्रिमेरोचं बॅलन्स व्हील, म्हणजे झुलत वेळ राखणारं चाक, तासाला ३६,००० ठोके देई, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा हिस्सा मोजता येई. पण १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करायचा आणि ती घडवायची हत्यारं मोडीत काढायचा हुकूम सोडला.

शार्ल व्हर्मो हा ल लोकल गावातल्या त्या कारखान्यातला कारागीर. त्याने मालकांना विनवणीचं पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. मग त्याने एल प्रिमेरोचे साचे, कॅम, कापायची हत्यारं आणि कामाची टिपणं थोडी थोडी करून कारखान्याच्या माळ्यावर नेली, प्रत्येकावर खूण केली आणि ती जागा बंद करून टाकली. ऐंशीच्या दशकात चावीच्या घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा हीच हत्यारं बाहेर निघाली. १९८८ ते २००० या काळात रोलेक्सच्या डेटोनाच्या आत जे यंत्र फिरत होतं, ते याच एल प्रिमेरोवर बेतलेलं होतं. घड्याळाच्या इतिहासात मला सगळ्यांत मोठा वाटतो तो हा माणूस. घड्याळ घडवण्याइतकंच ते पुन्हा घडवता येण्याची सोय राखणं महत्त्वाचं असतं, हे त्याला मालकांच्या आधी कळलं होतं.

उद्योग सावरला तो तीन वेगवेगळ्या वाटांनी. १९८३ मध्ये आलेल्या स्वॉचने ५१ भागांचं प्लॅस्टिकचं स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ देऊन कारखाने चालू ठेवले. निकोलस हायेक यांच्या आखणीतून दोन मोठे समूह एकत्र झाले आणि आजचा स्वॉच समूह उभा राहिला. दुसरी वाट जाँ-क्लोद बिव्हर यांची. १९८२ मध्ये त्यांनी ब्लाँपां हे बंद पडलेलं नाव सुमारे २२ हजार फ्रँकला विकत घेतलं आणि आम्ही क्वार्ट्झ घड्याळ कधी केलं नाही आणि करणारही नाही, हीच त्याची जाहिरात केली. दहा वर्षांनी ते सुमारे ६ कोटी फ्रँकला विकलं गेलं.

तिसरी वाट जेराल्ड जेंटा यांच्या रेखाटनातून निघाली. १९७२ मध्ये ओडेमार पिगेने त्यांचं ‘रॉयल ओक’ बाजारात आणलं. स्टीलचं घड्याळ, किंमत मात्र सोन्याच्या घड्याळाला लाजवणारी. अष्टकोनी कडेवर आठ षट्कोनी स्क्रू उघडे दिसतात आणि सगळ्यांच्या खाचा एका वर्तुळाच्या रेषेत येतात. साधे स्क्रू असे कधी थांबत नाहीत, कुठला कमी फिरतो, कुठला जास्त. इथे स्क्रूचं षट्कोनी डोकं कडेतल्या तशाच खळग्यात बसतं, त्यामुळे ते फिरूच शकत नाही. आवळलं जातं ते मागच्या बाजूने. घड्याळ उघडतं कुठून, हे दर्शनी भागावरच इतक्या डौलात मांडणं तोवर कुणी केलं नव्हतं.

जुन्याचं मोल: काय तपासावं

व्हिंटेज घड्याळांच्या बाजारात बहुतेक किंमत डायलवर ठरते. मूळ डायल, मूळ काटे, मूळ क्राउन आणि पॉलिशने न झिजलेली केस या चार गोष्टी जमल्या की घड्याळाला भाव येतो. अंधारात चमकणाऱ्या लेपावरून काळाचा अंदाज बांधता येतो. साठच्या दशकापर्यंत रेडियम वापरत, त्यानंतर ट्रिटियम आलं आणि नव्वदच्या दशकापासून किरणोत्सर्ग नसलेलं सुपर-ल्युमिनोव्हा. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षांचं असतं, म्हणून १९७० सालच्या घड्याळाचा लेप आज चमकत नाही, साईसारखा पिवळसर होतो. असं जुनं घड्याळ अंधारात लख्ख चमकत असेल तर लेप नंतर लावलेला आहे हे नक्की. रेडियमची चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो, त्यामुळे असं डायल घरी उघडून खरवडण्याचा मोह कुणीही करू नये.

इतिहासाचा भाव किती चढू शकतो, हे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. पत्नी जोआन वुडवर्ड यांनी ते घड्याळ दिलं होतं आणि मोटारींच्या शर्यतींच्या वेडात पडलेल्या नवऱ्याला जपून गाडी चालवायला बजावणारे शब्द पाठीवर कोरून घेतले होते. न्यूमन यांनी ते ऐंशीच्या दशकात मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. त्या वेळी तसली डेटोना दुकानांत पडून असायची. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, जिनिव्हातल्या धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचं ‘ग्रँडमास्टर चाइम’ ३ कोटी १० लाख फ्रँकला गेलं.

असे आकडे ऐकून जुन्या घड्याळाकडे गुंतवणूक म्हणून पाहणारे वाढले. ती घाई टाळावी. विक्रमी भाव येतो तो पुरावा असलेल्या इतिहासाला. पावती, जुने फोटो, कारखान्याच्या नोंदवहीतला उतारा, मालकांची साखळी यांपैकी काही हाती नसेल तर घड्याळाचा इतिहास म्हणजे विकणाऱ्याचं बोलणं. अशा वेळी आपल्याला तपासता येतं ते फक्त घड्याळ, आणि तेही उघडल्यावर.

आपल्याकडचा धागा

या गोष्टीत मुंबईचं स्थान जुनं आहे. १७३७ पासूनची परंपरा सांगणारी फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीने १८८६ मध्ये इथे बस्तान बसवलं आणि तिची ‘सोवार’ घड्याळं लष्करातल्या व सरकारी नोकरीतल्या माणसांच्या हातांवर दिसू लागली. मराठी घरांतल्या जुन्या ट्रंका आणि देवघराशेजारचे खण धुंडाळले तर फाव्र-ल्युबाचं ‘सी किंग’ किंवा ‘सी चीफ’ आजही निघतं. आजोबांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, नाहीतर निवृत्तीला कचेरीने दिलेलं.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधनं आली. परदेशी घड्याळ बंदरावर चोरवाटेने उतरू लागलं आणि देशी घड्याळाची गरज सरकारला पटली. १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर ही नावं चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही सांगावी लागत नाहीत. दहावीला चांगले गुण मिळाले, पहिली नोकरी लागली, लग्न ठरलं, की एचएमटी. देवनागरी अंकांचं डायल असलेली ‘जनता’ तर आपल्या लिपीत वेळ सांगायची. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या भागीदारीत टायटन उभी राहिली, तिने क्वार्ट्झवर भर दिला आणि बाजार फिरला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करायचा निर्णय घेतला, आणि तेव्हापासून या साध्या घड्याळांना शौकिनांची मागणी वाढतच गेली.

‘जनता’चं झाकण उघडलेलं पाहण्यासारखं असतं. घड्याळजी पातळ पात्याने मागचं झाकण उचकटतो आणि आतलं मशीन समोर येतं. सतरा ज्वेल, म्हणजे जिथे चाकांचे आस टेकतात तिथे बसवलेले कृत्रिम माणिकाचे लालसर ठिपके. बॅलन्स व्हील डावी-उजवीकडे झुलत असतं आणि त्याच्या मध्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते. तासाला १८,००० ठोके, सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. घड्याळजी ते टाइमग्राफरच्या माइकवर ठेवतो, पडद्यावर ठिपक्यांच्या रेषा उमटतात. रेषा वर चढत असेल तर घड्याळ पुढे जातंय, पसरट विस्कटलेली असेल तर तेल सुकलंय. मशीन सोडवून, धुऊन, नेमक्या जागी सुईच्या टोकाएवढं तेल देऊन तो ते पुन्हा जुळवतो. रेषा सरळ होते. पन्नास वर्षांचं घड्याळ पुढच्या काही वर्षांसाठी तयार होतं. कोट्यवधींच्या घड्याळालाही नेमकं हेच करावं लागतं. फरक हत्यारांचा आणि फिनिशचा, काम तेच.

मुंबईच्या नावाने जगभरच्या शौकिनांत एक बदनामीही चालते. ‘मुंबई स्पेशल’ म्हणजे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जमवून, डायल नव्याने रंगवून, जुनं अस्सल म्हणून विकलेलं घड्याळ. भिंगाखाली ते ओळखू येतं. कारखान्यातल्या मूळ छपाईत अक्षराची कड धारदार असते आणि शाई पृष्ठभागावर किंचित उभी राहिलेली दिसते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाडसर, कडा पसरलेल्या. मिनिटांच्या रेघा कुठे कडेला टेकतात, कुठे अलीकडेच थांबतात. ‘१२’ खालचं कंपनीचं नाव एका बाजूला केसभर सरकलेलं असतं. केस इतकी पॉलिश केलेली की मूळचे कोपरे गोल झालेले. भडक केशरी किंवा पोपटी डायलवर कंपनीने कधीच न छापलेली चिन्हं.

या कामामागे हात कुशल आहेत, हे मान्य केलं पाहिजे. मोडीत निघालेलं मशीन चालू करणं सोपं नसतं. डायल नव्याने रंगवलं आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलं आणि किंमत तशी लावली तर त्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते लपवणं. ज्या शहरात दीडशे वर्षांपासून स्विस घड्याळं येताहेत, तिथल्या कारागिरीची ओळख फसवणुकीने व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नव्याचं मोल: काय सुधारलं, काय बिघडलं

नव्या घड्याळांना ‘आत्मा नाही’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यांत्रिक घड्याळ खरोखर पुढे गेलं आहे. इंग्लिश घड्याळकार जॉर्ज डॅनिएल्स यांनी शोधलेलं को-ॲक्सियल एस्केपमेंट (स्प्रिंगची शक्ती टप्प्याटप्प्याने सोडणारी यंत्रणा) ओमेगाने १९९९ मध्ये घड्याळांत आणलं. त्यात घर्षण कमी, म्हणून तेलावर भार कमी. त्याच वर्षी सायकोचं ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ आलं. शक्ती चावीच्या स्प्रिंगची, नियंत्रण क्वार्ट्झचं, बॅटरीची गरज नाही, आणि सेकंदकाटा ठोके न घेता सरळ सरकत जातो. सिलिकॉनच्या स्प्रिंगमुळे चुंबकाचा त्रास जवळपास मिटला. मोबाइलचे स्पीकर, पर्सच्या चुंबकी कड्या यांच्या काळात हा फार मोठा फायदा आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत, पावसाळ्यात आणि घामात रोज घालायचं असेल तर चांगल्या गॅस्केटचं नवं घड्याळच घ्यावं. जुन्याला ते ओझं देऊ नये.

कारागिरीही संपलेली नाही. पूर्व जर्मनीत १९४८ मध्ये सरकारजमा झालेली ए. लांगे अँड झोने ही कंपनी बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९० मध्ये, वाल्टर लांगे यांनी ग्लासहुटं या गावात पुन्हा उभी केली आणि १९९४ मध्ये पहिली चार घड्याळं दाखवली. तिथे मशीनवरचा बॅलन्स कॉक हाताने कोरतात, त्यामुळे दोन घड्याळांचं कोरीवकाम कधी तंतोतंत सारखं नसतं. स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू खोऱ्यात फिलिप द्युफूर आणि इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर रॉजर स्मिथ मोजकी घड्याळं करतात, त्यांच्या हातच्या घड्याळांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात.

बिघडलं ते दुकानात. ठराविक स्टीलच्या घड्याळांसाठी प्रतीक्षायाद्या लागल्या, आणि यादीत वर सरकायचं तर नको असलेली इतर खरेदी आधी करावी लागते, अशी तक्रार जगभर ऐकू येते. पाटेक फिलिपने २०२१ मध्ये नॉटिलसचं ५७११ हे मॉडेल थांबवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी टिफनी निळ्या डायलचं ५७११ लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. महामारीच्या काळात फुगलेले हे भाव २०२२ च्या वसंतानंतर घसरले. त्या वर्षांत कर्ज काढून, चढ्या भावात घड्याळ घेतलेल्या माणसाला ना नफा मिळाला, ना ते बिनधास्त घालता आलं. पारदर्शक कागद न काढता कपाटात ठेवलेलं घड्याळ हे यंत्राचं वाया जाणं आहे. तेल पडून राहूनही सुकतं.

दुरुस्ती कोण करणार

इथे मूळ मुद्द्यावर येतो. यांत्रिक घड्याळ साधारण पाच ते सात वर्षांनी उघडून साफ करावं लागतं. म्हणजे तीस वर्षं वापरायचं तर चार-पाच वेळा. ती सोय आहे का, हा प्रश्न घेतानाच विचारला पाहिजे, आणि तो विचारला की जुन्या-नव्याचा वाद वेगळाच दिसू लागतो.

२०१६ पासून स्वॉच समूहाने स्वतंत्र घड्याळजींना सुटे भाग पुरवणं बंद केलं. इतर काही मोठ्या ब्रँडांचं धोरणही असंच आहे, आणि युरोपात या प्रश्नावर कायद्याची लढाईही झाली. दर्जा राखण्यासाठी अधिकृत केंद्रातच दुरुस्ती व्हावी, असं कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण चुकीच्या हाताने बिघडलेली घड्याळंही कमी नाहीत. पण सुटे भाग अडवल्याने गल्लीतला प्रामाणिक कारागीरही उपाशी राहतो आणि ग्राहकाला एकच दार उरतं. सिलिकॉनची स्प्रिंग चिमट्याने सरळ करता येत नाही, तुटली की पूर्ण बदलायची आणि ती फक्त कंपनीकडे मिळते. स्वॉचचं २०१३ चं ‘सिस्टेम ५१’ तर यांत्रिक असूनही उघडण्यासाठी बनवलेलंच नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पाटेक फिलिप आहे. १८३९ पासून बनवलेलं आपलं कोणतंही घड्याळ दुरुस्त करण्याची जबाबदारी ती कंपनी घेते. सुटा भाग नसेल तर नव्याने घडवते. माझ्या मते लक्झरी या शब्दाला पात्र असेल ते हे आश्वासन. सोनं आणि हिरे कुणीही लावू शकतं.

आपल्याकडे मात्र आश्वासन द्यायला माणसंच कमी होताहेत. जुन्या बाजारपेठांत काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी आता बहुतेक बॅटरी आणि पट्टे बदलतात. त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत, आणि चावीच्या घड्याळाची पूर्ण ओव्हरहॉल करणारा माणूस एखाद्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका सापडतो. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा एफ्टा गट यांच्यातला व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरची जकात टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पुढच्या दहा वर्षांत महागडी यांत्रिक घड्याळं इथे पूर्वी कधी नव्हती इतकी येतील. त्यांना उघडणारे हात कुठून येणार, याचा विचार आयात करणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि तंत्रशिक्षण देणाऱ्यांनी आत्ताच करायला हवा. स्वित्झर्लंडमध्ये वॉस्टेप ही संस्था १९६६ पासून घड्याळजी घडवते. आपल्या आयटीआयमध्ये या कामाचा दर्जेदार अभ्यासक्रम चालावा, त्याला ब्रँडांनी हत्यारं आणि सुटे भाग पुरवावेत. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर इथल्या तरुणांसाठी हा सन्मानाचा आणि चांगल्या मिळकतीचा व्यवसाय ठरेल.

घेणाऱ्याने काय करावं

शौकिनांची सुरुवातीची चार उत्तरं आता पुन्हा तपासता येतात. यंत्राची हुशारी चालू यंत्रातच दिसते. कारागिरी जपायची तर तितकीच कुशल देखभाल लागते. इतिहास तपासता येतो तो झाकण उघडून. आणि शंभर वर्षांनंतर दुर्मिळ ठरेल ते घड्याळ, जे कुणीतरी मधे चारदा दुरुस्त केलं होतं.

म्हणून जुनं घेणाऱ्याने आधी घड्याळजी शोधावा आणि मग घड्याळ. मशीनचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिलं घड्याळ म्हणून एचएमटीची जनता किंवा पायलट उत्तम, कारण ती स्वस्त आहे, मशीन साधं आहे आणि भाग अजून मिळतात. नवं महागडं घेणाऱ्याने दुकानात चार प्रश्न विचारावेत: सर्व्हिसिंग भारतात होतं का, त्याचा खर्च किती, वेळ किती लागतो आणि वीस वर्षांनंतर भाग मिळण्याची हमी काय. उत्तरं गोलमाल आली तर दुसऱ्या ब्रँडकडे वळावं. सर्व्हिसिंगचा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरावा, प्रत्येक दुरुस्तीची पावती घड्याळाच्या डब्यात ठेवावी आणि चांगलं काम करणाऱ्या घड्याळजीशी भावावरून घासाघीस करू नये. त्याचं दुकान चालू राहिलं तरच आपलं घड्याळ पुढच्या पिढीच्या हातावर चालेल.